हेडफोनची पिन आणि पोपटीची मुलाखत

"यात काय एवढं? मी काढतो की," असं अंबाजी म्हणाले, आणि शेजारच्या रघूनं त्यांच्याकडे जरा काळजीनंच पाहिलं. 'मी काढतो', 'मी बघतो', 'मी बोलतो' हे शब्द या माणसाच्या तोंडून कधी कोणी ऐकले नव्हते. अलिबागच्या कोर्टात कागदांच्या नकला काढायच्या टेबलावर त्यांची सगळी नोकरी गेली. साहेबांनी दार लावायला सांगितलं, तर आतून लावू की बाहेरून, या विचारात उंबऱ्यावर उभा राहणारा माणूस. निवृत्त होऊन रामराज गावाच्या अलीकडे आपल्या गावी आले, पुस्तकात डोकं घातलं, ते जेवायला तेवढं बाहेर काढत.

पण आजची गोष्ट वेगळी होती. दुपारी साडेचारला त्यांची रेडिओवर मुलाखत होती. फोनवरून, थेट. आणि ज्या फोनवरून ती व्हायची, त्याच्या हेडफोनच्या भोकात पिनेचा अर्धा तुकडा मोडून बसला होता.

मुलाखत होती पोपटीवर. थंडीत वालाला शेंगा धरल्या की आमच्याकडे मडक्यात शेंगा, अंडी, बटाटे भरतात, मडक्याचं तोंड भांबुर्ड्याच्या पाल्यानं बंद करतात, आणि शेतात ते उलटं ठेवून भोवती जाळ करतात. ती पोपटी. अंबाजींनी तिच्यावर एका साप्ताहिकात लेख लिहिला होता. त्यात मडक्याची माहिती होती, पाल्याची होती, वालाचा तर पार इतिहास होता. फक्त जिच्या हातची पोपटी खाऊन तो लेख सुचला, त्या बायकोचं, कोकिळाबाईंचं, नाव कुठंच नव्हतं.  लेखाचा कागद बाईंनी तेव्हा पापडाच्या डब्यात तळाला अंथरला.

आज सकाळी मात्र त्यांनी सरळ सांगितलं, "अवो, रेडिओवर येकदा माजं नाव घ्या. पोयनाडला काशी आयकाया बसनार हाय."

काशी म्हणजे त्यांची धाकटी बहीण. पोपटी करावी तर आपणच, असं जन्मभर सांगत आलेली.

अंबाजींनी मान हलवली. नाव कुठं घ्यायचं हेही त्यांनी ठरवून ठेवलं होतं. रेडिओच्या तेजस्वी मॅडमनी आदल्या दिवशीच प्रश्नांचा क्रम सांगितला होता. मडकं कसं निवडायचं, तोंड कसं बंद करायचं, जाळ कसा लावायचा, शिजली हे कसं ओळखायचं, आणि शेवटी, हे सगळं शिकलात कोणाकडून. त्या शेवटच्या उत्तरात कोकिळाबाईंना मानानं बसवलं होतं. उत्तरं तोंडपाठ होती. मॅडमनी आणखी एक बजावलं होतं : दारं-खिडक्या लावून बसा आणि हेडफोन लावून बोला, म्हणजे आवाज स्वच्छ येईल.

म्हणून सुनेकडून, सुचिताकडून, हेडफोन मागून घेतला. तो देऊन ती अलिबागला कामावर गेली. दुपारी अंबाजी हेडफोन कानात घालून, फोन सदऱ्याच्या खिशात ठेवून, उत्तरं म्हणत येरझाऱ्या घालू लागले. तोंड बंद करण्यापर्यंत सगळं ठीक झालं. जाळ लावताना त्यांना जोर चढला. ते झटक्यात वळले, वायर दाराच्या कडीत अडकली, फोन खिशातून उडाला आणि नेमका पिनेवर आपटला. अर्धी पिन वायरीला राहिली, अर्धी फोनच्या पोटात.

तर ती अंबाजी स्वतः काढणार होते.

आधी पायातला काटा काढायचा चिमटा आणला. चिमट्याची टोकं भोकापेक्षा जाड. मग सुई आणली. सुईनं पिन आणखी थोडी आत जाऊन आरामात बसली. मग अंबाजींना युक्ती सुचली. खराट्याचा एक हीर घ्यायचा, टोकाला झटकन चिकटणारा गोंद लावायचा, हीर पिनेला चिकटू द्यायचा आणि अलगद ओढायचा. युक्ती इतकी सुंदर होती की अंबाजींना पहिल्यांदाच स्वतःच्या बुद्धीबद्दल थोडा आदर वाटला. गोंद उत्तम होता. हीर उत्तम चिकटला. ओढल्यावर मधोमध मोडला. आता फोनच्या डोक्यावर बोटभर हीर उभा राहिला, आणि फोन एक मिशी गेलेल्या झुरळासारखा दिसू लागला.

"भाऊ, खोबरेल सोडा दोन थेंब," रघू म्हणाला. "सुजलेल्या बोटातली आंगठी न्हाय का निगत?"

बाटलीचं तोंड मोठं होतं, त्यामुळे दोन थेंबांचे दोन चमचे झाले. फोन शाळेत निघालेल्या पोरीसारखा चपचपीत झाला. पिन हलली नाही.

खरी पंचाईत पुढे कळली. रघूनं घरी जाऊन तिथून अंबाजींना फोन लावला. अंबाजी 'हॅलो, हॅलो' करत राहिले, पण फोन मुका. स्पीकरचं बटण दाबलं, ते निळं झालं आणि गप्प राहिलं. रघू धावत परत आला. म्हणाला, तुमचा आवाज तर मला कानठळ्या बसतील असा येतोय, तुम्हीच माझ्या बोलण्याला उत्तर देत नाही. मग दोघांनी विचार केला आणि उलगडा झाला. पिन आत आहे, म्हणजे हेडफोन लावलेला आहे, असा फोनचा समज. येणारा सगळा आवाज तो इमानदारीनं त्या मोडक्या तुकड्याला ऐकवत होता. अंबाजी बोललेलं जगाला ऐकू जाईल, जग बोललेलं अंबाजींना नाही.

फोनमधलं सिमकार्ड काढून दुसऱ्या फोनमध्ये घालू, असं रघूनं सुचवलं. पण ते काढायला बाजूच्या भोकात टाचणी घालावी लागते, हे कळल्यावर अंबाजींनी त्याचे दोन्ही हात धरले. शिवाय रघूच्या फोनवर रेडिओ लावून त्याला पलीकडच्या भागुबाईच्या ओटीवर मोठा स्पीकर जोडायचा होता. अर्धं गाव तिथं मुलाखत ऐकायला जमलं होतं. कोकिळाबाई तर नवं लुगडं नेसून केव्हाच पुढे जाऊन बसल्या होत्या.

"मॅडमला सांगून टाका, आज न्हाय जमत," जाता जाता रघू म्हणाला.

अंबाजींना ते सांगायला हवं होतं. पण सांगितलं तर मुलाखत रद्द होणार, आणि कोकिळाबाई नव्या लुगड्यात ओटीवरून उठून घरी येणार. काशी काय म्हणेल ते वेगळंच. त्यापेक्षा ऐकू यायची गरज आहे का, असा त्यांनी विचार केला. प्रश्न माहीत होते, क्रम माहीत होता. आयुष्यभर नकला काढलेल्या माणसाचा क्रमावर फार विश्वास असतो. मूळ कागदात जे पहिलं, तेच नकलेत पहिलं. प्रश्न मनातल्या मनात म्हणायचा, मॅडमला तेवढाच वेळ लागणार, आणि मग उत्तर द्यायचं.

दारं-खिडक्या लावून, डोक्याला मफलर गुंडाळून अंबाजी बसले. साडेचारला फोन थरथरला. त्यांनी तो हिरासकट कानाला लावला, 'नमस्कार' म्हटलं, मनात पहिला प्रश्न म्हटला आणि सुरुवात केली.

"हे पहा, पहिलं म्हणजे रंगावर जाऊ नये. काळं असलं तरी चालतं. मी तर टिचकी मारून बघतो. बद्द आवाज आला, तर सरळ परत करावं. आणि तोंड लहान हवं. मोठ्या तोंडाचं असलं की पुढं फार त्रास होतो."

भागुबाईच्या ओटीवरून हसण्याचा मोठा लोट आला. बंद खिडकीतूनही तो स्पष्ट ऐकू आला. अंबाजी गोंधळले. मडक्यात हसण्यासारखं काय होतं? पण लोकांना आवडतंय तर बरंच आहे, असं म्हणून त्यांनी दुसरा प्रश्न मनात म्हटला.

"तोंड पाल्यानं गच्च बंद करायचं. जराही फट ठेवायची नाही. फट राहिली की आतली सगळी वाफ बाहेर येते. मग उलटं करून ठेवायचं."

या वेळी लोक हसले, शिट्टी वाजली, कुत्रं भुंकलं.  आपण चुकून काही वेगळं बोललो का, हे अंबाजींनी मनात उजळणी करून पाहिलं. शब्दन् शब्द बरोबर होता. त्यांनी घाईनं जाळ लावला, घाईनं पोपटी शिजवली, आणि शेवटच्या उत्तराशी आले तेव्हा मुद्दाम आवाज चढवला.

"हे सगळं मी माझ्या पत्नीकडून शिकलो. कोकिळा, माहेर पोयनाडचं. तिच्या माहेरी लहानथोर सगळेच यात पटाईत आहेत. तिची बहीण काशी तर विचारू नका. सगळं श्रेय त्यांना."

आता हसण्याचा आवाज आला नाही. एकदम शांतता पसरली, आणि ती अंबाजींना हसण्यापेक्षा जास्त भयानक वाटली.

ते फोन कानावरून काढायला गेले, तोच हीर मफलरच्या लोकरीत अडकला. अंबाजींनी ओढलं, हिराबरोबर तेलात न्हालेली पिन सुळकन बाहेर आली आणि गळ्यातून सदऱ्यात पडली. फोनला वाचा फुटली. तेजस्वी मॅडम हसत हसत बोलत होत्या. "काका, कमाल केलीत. आमची वेळ संपली, पण रविवारी आम्ही ही मुलाखत पुन्हा लावणार आहोत."

अंबाजींनी आभार मानले. कशाचे, ते त्यांना कळलं नव्हतं.

ते रघूनं सांगितलं. अंबाजी भागुबाईच्या ओटीकडे निघाले तेव्हा तो वाटेतच भेटला, आणि डोळे पुसत, कुंपणाला धरून, एकेक प्रश्न सांगत गेला.

मॅडमनी क्रम बदलला होता. आधी काकांना मोकळं करावं, घरच्या गप्पा माराव्यात, पोपटीचं मागाहून बघू, असं त्यांना वाटलं. म्हणून त्यांनी पहिलं विचारलं की, काका, कोकिळाकाकूंना पहिल्यांदा पाहिलंत तेव्हा काय वाटलं? त्यावर काकांनी टिचकी मारली होती. दुसरं विचारलं की, इतकी वर्षं संसार झाला, भांडणं मिटवता कशी? त्यावर पाल्यानं तोंड बंद केलं होतं. तिसरं होतं सुनेशी कसं जमतं. त्यावर सगळ्या बाजूंनी सारखा जाळ लावावा, एकाच बाजूनं लावला तर दुसरी बाजू कच्ची राहते, असं काकांनी शांतपणे सांगितलं. सुचिता ते अलिबागच्या ऑफिसात चार जणींना घेऊन ऐकत होती. चौथं विचारलं की, कोर्टातल्या साहेबांचा राग कसा ओळखायचात? काका म्हणाले, वरून पाण्याचा हबका मारायचा, चर्र वाजलं की समजायचं, झालं.

"आणि शेवटचं?" अंबाजींनी विचारलं. 

रघू हसायचा थांबला. "शेवटी पोपटीचं इच्यारलं, भाऊ. म्हंजे आजकाल लोकं पोपटीच्या नावाखाली दारू पितात, धिंगाना घालतात, दुसऱ्याच्या शेंगा चोरतात. ह्ये शिकले कुनाकडून, म्हनून."

अंबाजी घराकडे वळले.  कोकिळाबाई आधीच घरी पोचल्या होत्या. लुगडं बदललेलं होतं. ओटीवर सूप घेऊन त्या वालाच्या शेंगा निवडत होत्या. अंबाजी पायरीवर बसले आणि त्यांनी पिन, हीर, खोबरेल, कार्ड, सगळं सांगून टाकलं. बाई शेंगा निवडतच राहिल्या.

"काशीचा फोन आला होता का?" अंबाजींनी हळूच विचारलं.

"आला."

"काय म्हणाली?"

"काय म्हननार? तिच्या दिरानं तिला दारूवाली बाय म्हनून हाक मारली. ती येनार हाय रविवारी हितं. तुमास भेटाया."

अंबाजींनी डोक्याचा मफलर सोडला.  मग कोकिळाबाईंनी सूप बाजूला ठेवलं.

"येक सांगा. ती बाय इच्यारत व्हती, मला पयल्यांदा पायलंत तवा काय वाटलं. तुमाला आयकाया आलं असतं, तर काय सांगितलं असतंत?"

अंबाजींनी तोंड उघडलं. पोयनाडची ओटी त्यांना आठवली, पोह्यांची बशी आठवली, आपण सगळा वेळ त्या बशीकडेच बघत होतो हेही आठवलं. हे उत्तर पाठ केलेलं नव्हतं. ते कुठून सुरू करावं, आधी लुगड्याचा रंग सांगावा की डोळ्यांचं सांगावं, आणि रंग चुकला तर काय होईल, या विचारात त्यांनी तोंड मिटलं, पुन्हा उघडलं, आणि शेवटी म्हणाले, "जरा विचार करून सांगू का?"

कोकिळाबाईंनी सूप पुन्हा पुढ्यात ओढलं.

"मग आयकाया आलं न्हाय त्येच बरं झालं," त्या म्हणाल्या. "मडक्याचं तरी चांगलं सांगितलंत."