बायकोच्या नावाची माशी

लग्नाच्या वाढदिवसाला बायकोला घड्याळ घ्यावं की पर्स, एवढंच माशीवाल्यानं ठरवायचं होतं. कुठल्याही धड माणसानं दुकानात जाऊन दोन्हींतलं स्वस्त ते उचललं असतं आणि घरी येऊन तो जेवून झोपला असता. पण हा पडला शिकलेला. यानं ठरवलं, बायकोला माशी द्यायची.

माशीवाला हे काही त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे, पण बिल्डिंगमध्ये त्याला दुसरं नाव उरलं नव्हतं. तो संग्रहालयात नोकरीला होता. काम काय, तर मेलेल्या माशीला टाचणी टोचायची आणि ती कोणत्या जातीची ते सांगायचं. (याला पगार मिळतो. मेलेल्या माशीकडे बघायला माणूस नेमतात, जिवंत माणसाकडे बघायला कुणी नाही.) उभा जन्म त्यानं दुसऱ्यांनी शोधलेल्या माश्या ओळखण्यात घालवला. आणि निवृत्ती तोंडावर आली तेव्हा संग्रहालयाच्याच कचराकुंडीमागे त्याला एक माशी सापडली, जी कोणत्याच पुस्तकात नव्हती. नवीकोरी जात. त्याच्या आयुष्यात घडलेली एकुलती एक मोठी गोष्ट. (लग्न धरून.)

आता अशी माशी सापडली की तिचं वर्णन छापायचं आणि तिला नाव द्यायचं. स्वतःचं द्यायचं नाही, तशी या लोकांत रीत नाही. दुसऱ्या कुणाचंही चालतं. मोठे साहेब आपल्या नावासाठी टपूनच बसले होते. यानं बायकोचं दिलं.

वाढदिवसाला सासूबाई आल्या, मेहुणा आला, वरच्या मजल्यावरच्या वहिनी आल्या. केक कापून झाला. यानं छापील कागद बायकोच्या हातात ठेवला, सोबत माशीचा मोठा केलेला फोटो, आणि म्हणाला की जग आहे तोवर हे नाव राहणार. बायकोचे डोळे भरून आले, हे खोटं नाही. घड्याळानं भरले नसते. इथं तोंड मिटलं असतं तर सगळं निभावलं असतं. पण सासूबाई म्हणाल्या, कागद इंग्रजी दिसतोय, आम्हाला कळेल असं वाचून दाखवा. आणि हे गाढव उभं राहून वाचायला लागलं.

"डोकं धडाच्या मानानं रुंद," त्यानं कौतुकानं सुरुवात केली. "कपाळ अरुंद. डोळे बटबटीत. तोंडाच्या दोन्ही कडांना राठ केस."

मेहुण्याला ठसका लागला. माशीवाल्याला वाटलं, केक अडकला.

"पोट मळकट पिवळं, शेवटाकडे फुगीर. मादी नरापेक्षा थोराड."

"थोराड," सासूबाई म्हणाल्या.

"म्हणजे अंगानं जास्त, आई. नर किडकिडीत असतो."

"ते दिसतंय, जावईबापू. आणि राहते कुठे ही?"

"कचराकुंडीमागे. ही मेलेल्या उंदरावर बसलेली सापडली."

बायकोनं त्याच्या हातून कागद घेऊन घडी केली, केकच्या बशा उचलल्या आणि आत गेली. वहिनींना एकदम गॅस चालू राहिल्याचं आठवलं.

त्या दिवसापासून घरात बोलणं बंद. बायको दुसऱ्या खोलीत झोपायला लागली. ताट वाढलं जायचं, पण ते असं आदळायचं की याची भूक निम्मी व्हायची. यानं समजावून पाहिलं की वर्णन माशीचं आहे, तिचं नाही. तिनं कपाटाकडे बघत विचारलं, मग नाव कुणाचं आहे? ती म्हणाली, नाव काढा.

ते काढता येत नव्हतं. एकदा छापलं की देणाऱ्यालाही परत घेता येत नाही, असा यांचा नियम. वाट एकच. हीच माशी आधी दुसऱ्या कुणी छापलेली निघाली तर त्याचं नाव राहतं, नंतरचं बाद होतं.

"मग शोधा तसा कुणी," बायको म्हणाली.

"अगं, मग माशी नवी राहत नाही. माझं जन्मभराचं एवढंच आहे. तेही जाईल."

"आणि माझं गेलं ते?"

संपलं. दुसऱ्या दिवसापासून माशीवाला संग्रहालयाच्या माळ्यावरचे जुन्या छापील कागदांचे गठ्ठे उपसायला लागला. जगातले सगळे शास्त्रज्ञ आपण पहिले ठरावं म्हणून मरतात. हा एकटाच आपण दुसरे ठरावं म्हणून धुळीत शिंकत होता. सुरुवातीला मनातून वाटायचं, सापडू नये. पण रोज ते ताट आदळायचं, आणि रोज थोडं थोडं वाटायला लागलं, सापडावं. शेवटी सापडलं. कुठल्या तरी परक्या देशातल्या जुन्या गृहस्थानं काढलेलं चित्र. पंखाची शीर न् शीर तीच, केस न् केस तोच. माशीवाला तिथंच गठ्ठ्यावर बसला. त्याला रडूही येईना आणि सुटल्यासारखंही वाटेना. मग उठून त्यानं छापायला पाठवलं की माझी माशी नवी नाही, चूक झाली.

मोठे साहेब म्हणाले, जाता जाता स्वतःच्या पायावर धोंडा का पाडून घेताय?

"घरी जेवायचं असतं, साहेब," हा म्हणाला.

घरी आला तर बायकोनं हसत दार उघडलं. भिंतीवर माशीचा फोटो, फ्रेम करून. झालं होतं असं की वरच्या वहिनींनी बिल्डिंगभर सांगितलं होतं आणि प्रत्येक बाईनं आपापल्या नवऱ्याला विचारलं होतं, तुम्ही माझ्या नावानं काय केलंत आजवर? नवरे खाली बघत होते. महिला मंडळ तिचा सत्कार करणार होतं.

"जाऊ दे," बायको म्हणाली. "एवढा जीव ओतून दिलंत, राहू दे माझं नाव."

माशीवाला बूट न काढताच खुर्चीत बसला आणि त्यानं सगळं सांगून टाकलं.

"मग आता कुणाचं नाव आहे तिला?"

"त्या गृहस्थाच्या बायकोचं."

"तिनं बरं चालवून घेतलं?"

"त्यानं जरा वेगळं लिहिलंय," माशीवाला चाचरत म्हणाला. त्या गृहस्थानं लिहिलं होतं की डोळे टपोरे, पोटावर सोन्याची झळाळी, आणि बांधा असा भरदार की नजर हटू नये.

बायको फ्रेम काढायला स्टुलावर चढली.

"माशी तीच ना?" तिनं विचारलं.

"तीच," तो म्हणाला, आणि स्टूल धरून उभा राहिला.