माझ्या हातचा एक लिटर

आग्रह करावा तर मीच! हे मी म्हणत नाही, चंद्रपूरपासून वडशापर्यंतच्या लग्नांत जेवलेली माणसं म्हणतात. पंगतीत बुंदीचं भांडं एकदा माझ्या हाती आलं की पाहुण्यानं कितीही 'नाई नाई' म्हणावं, पानावर दोन्ही हात आडवे धरावेत, वेळ पडली तर पानावर पालथं झोपावं, मी बोटांच्या फटीतून बुंदी सोडणारच! 'नाई' हा पाहुण्याचा शिष्टाचार आणि 'घ्याच' हा यजमानाचा धर्म. साधं शास्त्र आहे. या शास्त्रावर मी चाळीस लग्नं तारली आणि एक मेहुणा जवळजवळ मारला.

मेहुणा म्हणजे मुखरू. आमच्या कमळाचा धाकटा भाऊ. वडशाकडचा. तीस वर्षं झाडीपट्टीच्या नाटकांत खलनायक. तो स्टेजवर हसला की तंबूबाहेरची कुत्री गाव सोडायची! पण नाटक रात्रभर आणि विडी दिवसभर, अशा नेमानं छातीचा भाता कामातून गेला. गेल्या हिवाळ्यात दोन दिवस म्हणून आमच्याकडे आला आणि तिसऱ्या दिवशी जिन्याच्या पाचव्या पायरीवर बसला तो उठेचना. ओठ जांभळे, खांदे कानाला लागलेले, एका श्वासात एकच शब्द. तसाच उचलून चंद्रपुरातल्या एका दवाखान्यात नेला. विडीनं फुफ्फुसं जुनी झालीत, आठवडा तरी लागेल, असं डॉक्टर म्हणाले.

मुखरूची बायको सुगंधाबाई तिकडं धानाच्या चुरण्यात, म्हणजे मळणीत, अडकलेली. दिवसा पेशंटजवळ कोण बसणार?

"मी हाओ ना!" मी म्हणालो. "चार दिवसांत असा तयार करतो, का स्टेजवर उडी मारन!"

"तुमी फक्त बसा," कमळा म्हणाली. "काई करू नका."

बायकोचा विश्वास हा असा असतो.

वॉर्डात मयुरी सिस्टर होती. उंची माझ्या खांद्याइतकी, दरारा छताइतका. मुखरूच्या नाकात नळी, ती नळी भिंतीवरच्या एका चावीला. चावीवर काचेची उभी नळी आणि तिच्यात एक इवलीशी गोळी दोनच्या रेघेवर तरंगत होती. खाली बाटलीतल्या पाण्यात बुडबुडे. बोटाला चिमटा, आणि उशाच्या पडद्यावर हिरवा आकडा: एकोणनव्वद.

"काका, नीट ऐका," सिस्टर म्हणाली. "ऑक्सिजन दोन लिटरवर आहे, दोनवरच राहिला पाहिजे. आकडा अठ्ठ्याऐंशी ते ब्याण्णवच्या मधात हवा. कमीही नको, जास्तही नको. पेशंटला टेकून बसतं ठेवा, आडवं नका करू. आणि चावीला हात लावायचा नाही. सांगा बरं, काय सांगितलं मी?"

मी सगळं घडाघडा म्हणून दाखवलं. पाठांतर माझं लहानपणापासून चांगलं. घोटाळा नेहमी त्याच्या पुढं होतो.

अर्धा तास मी आदर्श वागलो. मग शेजारच्या खाटेवरचा हरिदास बोलला. हा गोंडपिपरीचा शेतकरी. न्यूमोनियातून उठत होता आणि उठता उठता त्याला कंटाळा आला होता.

"भाऊ, तुमच्या पेशंटचे किती?"

"एकोणनव्वद."

"आपले अठ्ठ्याण्णव," तो मिशीला हात लावून म्हणाला.

वाचकहो, तुमच्यासमोर पोरांचे निकाल लागलेत ना कधी? मग मला काय झालं असेल ते समजून घ्या! वडशाचा नट एकोणनव्वद आणि गोंडपिपरी अठ्ठ्याण्णव! मी भिंतीकडे पाहिलं. काचेच्या नळीवर आकडे पंधरापर्यंत होते. पंधरा! आणि आमच्या माणसाला दोन? हे म्हणजे पंगतीत भांडं भरून बुंदी असताना पानात दोन दाणे टाकण्यासारखं झालं!

तेवढ्यात धानाचा ट्रॅक्टर उलटून जखमी झालेली चार माणसं आली आणि मयुरी सिस्टर तिकडं धावली. मी चावीला हात लावला. गोळी तीनवर गेली.

मुखरूनं डोळे उघडले. "नको... भाऊजी... पुरे." आणि हात आडवा केला.

"लाजतं का बे!" मी म्हटलं. "घरचाच हाये."

आणि चार.

आकडा त्र्याण्णव झाला! आयुष्यात पहिल्यांदा मी हात लावलेलं यंत्र सुधारलं होतं. मी लगेच कमळाला फोन केला. "त्र्याण्णव केले म्या!" ती स्वयंपाकात होती. तिला वाटलं, मी वजन करून आलो.

चार वाजता भेटायची वेळ झाली आणि माणसं आली. आमच्याकडे पेशंटला भेटायला एकटा-दुकटा जात नाही. जीपभर जातात. पुढं वरोऱ्याच्या गिरजाबाई, मुखरूची मावशी. हाती केळी, डोळ्यांना पदर.

"काय बाप्पा, पोरगा अर्धा झाला! कसा हाये आता?"

मी त्र्याण्णवची हकिगत सांगितली. गोळी दाखवली. बुडबुडे दाखवले. बुडबुड्यांचा फार परिणाम झाला. रश्शाला उकळी फुटावी तसे ते उसळत होते.

"मंग अजून काऊन नाई देत?"

"तो नाई म्हणते."

"अन् तुमी आयकता? तुमी?" गिरजाबाई म्हणाल्या. "तुमी तं लग्नात आमच्या भावाले बुंदी खाऊ घालू घालू आजारी पाडलं होतं! सरका. वरोऱ्याहून एवढ्या दूर आली मी. एक माझ्या हातचा!"

पाच.

मग कोणाला नाही म्हणता येईना. मागं उभ्या एका भाच्यानं लावला, सहा. गिरजाबाईंच्या विहीणबाई अवघडून उभ्या होत्या. विहिणीला वगळलं तर आयुष्यभराचा रुसवा! त्यांच्या हातून सात. आणि शेवटचा एक, सगळ्यांच्या वतीनं, मी. आठ! मुखरूचा हात दर वेळी आडवा यायचा, पण दर वेळी जरा हळू. मी जाणकार माणूस. मला माहीत होतं, चौथ्या-पाचव्या आग्रहाला पाहुणा असाच ढिला पडतो.

आकडा अठ्ठ्याण्णव! मग नव्व्याण्णव!! मी हरिदासकडे पाहिलं. हरिदासनं कूस बदलली.

"गालावर लाली पाहा कशी आली," गिरजाबाई म्हणाल्या.

"झोप पण लागून राह्यली," मी म्हटलं. "बिचारा किती दिवस झोपला नाई."

"मंग त्याले असा बसता काऊन ठेवला? मान अवघडते ना!"

आम्ही चौघांनी मिळून मुखरूला आडवा केला. तो घोरू लागला. घोरता घोरता त्याचे हात उचलून पंखासारखे फडफडले. पुन्हा फडफडले.

"सपनात स्टेजवर गेला," भाचा कौतुकानं म्हणाला. जीपभर माणसं हळूच हसली. सांगताना आज माझे कान तापतात, पण मीही हसलो. सगळ्यांत मोठ्यानं.

सहाला कमळा डबा घेऊन आली. खाटेजवळ येऊन तिनं हाक मारली. "मुखरू! ऊठ, पेज आणली."

मुखरू घोरत होता.

"हळू बोल," मी म्हटलं. "किती दिवसांनी झोपला."

कमळानं माझं ऐकलं नाही. लग्न झाल्यापासून माझं न ऐकल्यानं आमच्या घरावरची जेवढी संकटं टळली, त्यांतलं हे सर्वांत मोठं. तिनं त्याचा खांदा हलवला. मग गाल थोपटला. मग तिचा आवाज बदलला.

"हा झोपला नाई. सिस्टर! ओ सिस्टर!"

मयुरी सिस्टर धावत आली. आधी तिनं पेशंटकडं पाहिलं आणि लगेच भिंतीकडं. गोळी आठवर नाचत होती. तिनं चावी फिरवून ती खाली आणली, पलंगाची उशाकडची बाजू वर केली, मुखरूला बसता केला. "मुखरूभाऊ! डोळे उघडा! श्वास घ्या!" डोळे उघडेनात. डॉक्टर आले. मनगटातून रक्त तपासायला गेलं. तोंडाला घट्ट मास्क आणि त्याला मोठं यंत्र. ते यंत्र त्याच्या छातीत वारा लोटू लागलं.

"ऑक्सिजन कोणी वाढवला?" सिस्टरनं विचारलं.

जीपभर माणसं छताचे पंखे मोजू लागली.

"तो... आपोआप सरकला असंन," मी म्हणालो.

हो, मी असं म्हणालो. वय वर्षं अडुसष्ट.

"म्या एकच केला," गिरजाबाई रडवेल्या झाल्या. "चार आधीच होते!"

"केव्हापासून?" डॉक्टरांनी माझ्याकडं वळून विचारलं.

"झाला असंन... अर्धा तास."

"तीन वाजतापासून," कमळा म्हणाली. "मले फोन आला होता. त्र्याण्णव केले म्हणून." तिनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

सिस्टर रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती समजावून सांगत होती, आणि हात काम करत होते. "काका, अशा पेशंटचं शरीर कमी ऑक्सिजनवर जगायला शिकलेलं असतं. त्यांचे एकोणनव्वद म्हणजे पुरेसे. एकदम भरपूर दिला की आतला वापरलेला वायू बाहेर पडत नाही. तो साचतो, माणूस लालबुंद होतो, हात फडफडतात, गुंगीत जातो. ती झोप नसते. अजून तासभर तसंच राहिलं असतं..."

"तो नाई म्हणे तेव्हा काय केलं तुमी?" कमळानं विचारलं.

काय सांगणार? शिष्टाचार वाटला?

रात्रभर मी बाहेरच्या बाकावर बसलो. आत बसायची मला मनाई झाली होती, आणि ती योग्य होती. पहाटे रात्रपाळीची सिस्टर बाहेर आली. "डोळे उघडले. नाव सांगितलं. पाणी मागितलं." भिंतीकडं तोंड करून मी जे काही केलं त्याला मी सर्दी म्हणतो.

दुपारी सुगंधाबाई वडशाहून पोचल्या. चुरण्याचा भुसा अजून केसांत. गावात कोणीतरी सांगितलं होतं, मुखरू रात्री जाऊन वापस आला, अन् जवाईबापू रातभर बाहेर बसून होते. त्या वॉर्डात आल्या आणि सरळ माझ्या पाया पडल्या!

"जवाईबापू, तुमच्यामुळंच आज माझं कुंकू राह्यलं."

सिस्टर इंजेक्शन भरता भरता थांबली. हरिदास उठून बसला. कमळा माझ्याकडं पाहत होती, कालपासून पहिल्यांदा. मला माहीत होतं, ती कशाची वाट पाहत आहे.

मी तोंड उघडलं. "सुगंधाबाई, खरं म्हणजे..."

"नका बोलू. तुमी सांगणार नाई, मले माहीत हाये. मोठ्या मनाची मानसं सांगत नसतात."

मी मुखरूकडं पाहिलं. त्यानं मास्क जरा वर उचलला. तीस वर्षांचा खलनायक! आता हा जे बोलेल ते तंबूबाहेर ऐकू जाईल, या तयारीनं मी डोळे मिटले.

"हो," तो म्हणाला. श्वास घेतला. "भाऊजीनंच... पाहिलं... माह्याकडं." आणि मास्क खाली.

एवढंच. यापेक्षा त्यानं मला वॉर्डात आडवा पाडला असता तरी चाललं असतं.

आता मुखरू बरा आहे. विडी सुटली. सुगंधाबाईंनी यंदाही कळवलंय, नवा तांदूळ निघाला की पहिलं पोतं जवाईबापूंना. गेल्या वर्षी आला होता. बारीक, सुवासिक, शिजला की मोकळा. कमळा माझ्या पानात तो एकदाच वाढते आणि कधी आग्रह करत नाही. घशाखाली जायला त्याला जरा वेळ लागतो, पण जातो.

सुगंधाबाईंना खरं सांगायचं मी अनेकदा ठरवलं. फोन उचलला, ठेवला. शेवटी वाटलं, लिहूनच टाकावं. हे छापून आलं की एक अंक वडशाला पाठवणार आहे, हे नक्की.

यंदाचं पोतं येऊन गेलं की लगेच.