आबांच्या खळ्यातला चंद्र

"अमेरिकेला चंद्रावर जायला आठ वर्षं लागली. आपण पंधरा दिवसांत जाऊ!"

बुद्धघोष मास्तरांनी शाळेच्या व्हरांड्यात ही घोषणा केली, तेव्हा हेडमास्तर चहा फुंकत नुसते "बरं" म्हणाले. विज्ञानाच्या मास्तरांना अडवण्यात अर्थ नाही, हे त्यांना अनुभवानं कळलं होतं.

साल होतं चौऱ्याण्णव. माणूस चंद्रावर उतरला त्याला जुलैत पंचवीस वर्षं होणार होती. पण जुलैत उजनी धरणाचं पाणी चढतं, आणि मास्तरांचा चंद्र तर पाण्याखालीच होता! उन्हाळ्यात धरण उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं आणि त्याच्याभोवती राखाडी, भेगाळलेली, एकही झाड नसलेली जमीन उघडी पडते. बघणाऱ्याला वाटावं, आत्ता इथं यान उतरणार! म्हणून मास्तरांनी शाळा उघडल्या उघडल्याच चंद्र गाठायचं ठरवलं. चंद्र काही तक्रार करणार नव्हता.

यामागे मास्तरांचा एक हेतू होता आणि तो साऱ्या गावाला ठाऊक होता. शाळेला दुर्बीण हवी होती. ती द्यायची की नाही हे संस्थेचे अध्यक्ष आबासाहेब यांच्या हातात होतं, आणि विषय काढला की आबा म्हणायचे, "मास्तर, चांद तर नुसत्या डोळ्यानं बी दिसतो की!" आबांना चंद्रच असा जवळून दाखवायचा की दुर्बीण आपोआप येईल, असा एकंदर बेत होता.

अंतराळवीर नववीतले निवडले. चंद्रावर उतरणार कोळ्याची निकिता आणि आबांचा नातू दिग्विजय. तिसरी रश्मी. खऱ्या मोहिमेत दोघं खाली उतरले तेव्हा तिसरा वर एकटाच चंद्राभोवती घिरट्या घालत होता. तशी रश्मीनं सायकलवर घिरट्या घालायच्या. चंद्राभोवती गाळ असल्यामुळे तिला प्रेक्षकांभोवती फिरायला सांगितलं. शास्त्राच्या दृष्टीनं ही चूकच, पण सायकल रुतण्यापेक्षा बरी!

"आणि लक्षात ठेव," मास्तरांनी तिला बजावलं, "काहीही झालं तरी थांबायचं नाही!"

प्रशिक्षण मोठं कडक होतं. वजन हरवल्यासारखं वाटावं म्हणून पोरांना पाठीला ट्यूब बांधून विहिरीत सोडलं. खऱ्या अंतराळवीरांना यंत्रात घालून गरगर फिरवायचे, म्हणून मास्तरांनी चिंचेला झोका बांधला, त्याला पीळ दिला आणि दिग्विजयला बसवून सोडून दिला. दिग्विजयनं सकाळची न्याहारी जिथल्या तिथं परत केली.

"शाब्बास! खरे पण ओकायचे!" मास्तर ओरडले.

"सर, आता तुमी बसून दावा," निकिता म्हणाली.

मास्तर बसले. त्या दिवसापासून झोका अभ्यासक्रमातून वगळण्यात आला.

कार्यक्रमाच्या दिवशी सगळं कसं झोकात होतं! ज्वारीची पाखरं राखायचा चार पायांचा माळा आणून त्याला चंदेरी कागद गुंडाळला होता; झालं यान. अंगात खताच्या पोत्यांचे पोशाख, डोक्यात तेलाचे कापलेले कॅन, पाठीला फवारणीचे पंप. इथला गाळ म्हणजे वरून भाकरी आणि आत पिठलं, म्हणून निकिताच्या सांगण्यावरून माळ्याच्या शिडीपासून काठापर्यंत उसाच्या पाचटाची वाट अंथरली होती. त्या वाटेवरून लांब उड्या मारत चालायचं पोरांनी रोज घोटलं होतं.

आबा आले ते पांढऱ्याशुभ्र धोतरात, फेट्यात आणि करकर वाजणाऱ्या कोऱ्या जोड्यांत. शेजारी त्यांच्या कारभारीण सरुबाई बसल्या. रश्मीची सायकल सुरू झाली. मास्तरांनी माईकवर उलटे आकडे म्हटले, निकितानं शिडीवरून पाय खाली सोडला आणि...

"थांबा!" आबा उठले होते. त्यांच्या हातात नारळ होता! "नारळ न फोडता कुठल्या कामाला सुरवात करता व्हय?"

"आबा, खऱ्या चंद्रावर नारळ फोडला नव्हता."

"म्हनूनच मागनं कुनी ऱ्हायाला गेलं न्हाय तितं!"

आबा पाचटाच्या वाटेनं तरातरा माळ्यापर्यंत गेले आणि तिथं उभे राहून त्यांनी देवळाकडे पाहिलं. त्यांचा आवाज एकदम उतरला.

"मास्तर, ही जागा कुनाची ठावं हाय? देवळाच्या उगवतीला. हितं माझं खळं व्हतं. मानूस चांदावर उतरला ते मी हितंच बाजंवर बसून रेडिओवर ऐकलं. मग धरान आलं, गाव उठलं. आता माझ्या खळ्यात पैलं पाऊल दुसऱ्या कुनाचं पडू द्यू व्हय?"

आपण चंद्र म्हणून निवडलेली जागा कुणाचं तरी अंगण होती, हे मास्तरांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"पण आबा, वाट सोडू नका, गाळ..."

"कसला गाळ? हिनं शेनानं सारवल्यालं खळं हाय त्ये! दगडावानी टनक!"

आणि आबांनी वाट सोडली.

खळं टणक असेलही. पण ते होतं धरणाच्या इतक्या वर्षांच्या गाळाखाली! पहिलं पाऊल टिकलं. दुसऱ्या पावलाला आबा गुडघ्यापर्यंत चंद्रात गेले. लोकांना वाटलं, हेही ठरलेलंच. टाळ्यांचा कडकडाट झाला!

"अवं, बास झालं नाटक, वर या!" सरुबाई ओरडल्या.

"मी नाटक करत न्हाय!" आबा गरजले आणि मांडीपर्यंत गेले.

मास्तर धावले. प्रशिक्षण देणाऱ्यानं स्वतः घ्यायचं राहूनच गेलं होतं. तेही आबांच्या शेजारी रुतले. हातातला माईक चालूच होता.

"आबा, हलू नका!"

"मास्तर, तुमची दुर्बीन गेली आता धरनात!" हे साऱ्या पळसदेवनं कर्ण्यावरून ऐकलं.

"रश्मी, पळ, दोर आण!"

"सर, काय बी झालं तरी थांबायचं न्हाय म्हनला हुता!" असं म्हणत रश्मी सायकलवरून पुढे निघून गेली.

निकितानं मात्र डोक्यातला कॅन काढून फेकला, माळ्याची शिडी सोडवली आणि गाळावर आडवी टाकली. "आबा, हुबं ऱ्हाऊन निगत न्हाय. शिडीवर पोट टेका आन् खुरडत या." संस्थेचे अध्यक्ष निमूटपणे पोटावर आले. दिग्विजयनं त्यांना बखोट्याला धरून ओढलं. आबा सुटले, त्यांच्या मागून मास्तरही सुटले. आबांचा उजवा जोडा तेवढा सुटला नाही.

काठावर आबा खुर्चीत बसले. कमरेपर्यंत गाळ, एक पाय अनवाणी, हातात नारळ तसाच.

"माझा जोडा?"

"चांदावर ऱ्हायला, आबा," दिग्विजय म्हणाला.

लोकांनी हसू दाबलं. मास्तरांना आपली दुर्बीण डोळ्यांदेखत लांब लांब जाताना दिसली. आणि मग त्यांना एकदम आठवलं!

"आबा, ते दोघं पण बुटांवर चढवलेले जाड जोडे चंद्रावरच टाकून आले! परत निघताना ओझं नको म्हणून. अजून तिथंच आहेत."

"खरं सांगता?"

"पुस्तकात छापलंय, आबा."

आबांनी वळून त्या गाळाकडे पाहिलं. मग त्यांचं पोट हलायला लागलं आणि ते असे हसले की डोळ्यांतून पाणी आलं. "मंग बरुबर झालं की! मानूस जाऊन आल्याची खून नको व्हय? माझ्या खळ्यात माझा जोडा ऱ्हायला!" त्यांनी निकिताला जवळ बोलावून नारळ तिच्या हातात दिला. "फोड, पोरी. चांदावर चालायचं तुलाच जमलं. मास्तर, दुर्बीन घ्या!"

केवढा जल्लोष झाला! जेवणाची पंगत बसली, उठली, तेव्हा कुणाच्या तरी ध्यानात आलं की रश्मीला थांब म्हणून सांगितलंच नाही.

कोजागरीला दुर्बीण आली. तोवर देऊळ, खळं आणि जोडा पुन्हा पाण्याखाली गेले होते. दिवस मावळताच धरणावर भला मोठा चंद्र उगवला. पहिला मान आबांचा. त्यांनी डोळा लावला तो काढीचनात. मागं सारी शाळा ताटकळलेली.

"आबा, दिसतंय ना?" मास्तरांनी भीत भीत विचारलं.

"चांद दिसतो. जोडा दिसंना."

"आबा, तुमचा जोडा तर इथं, उजनीत..."

"त्ये मला ठावं हाय! त्यांचा बघतोय मी." आबांनी भिंगावरचा डोळा काढला नाही. "उजवा गावला तर सांगा, मास्तर. माझ्याकडं डावा हाय!"