शीड आणि शिडी

हैदराबादच्या विमानतळावर मी ॲल्युमिनियमची शिडी घेऊन गेलो. गोव्याला जायचं होतं. मी जन्मभर शाळेत मराठी शिकवलं, हेही इथंच सांगून टाकतो. नंतर कुणी उकरून काढायला नको.

पण शिडीच्या आधी कांबळेसाहेब सांगितले पाहिजेत. उदगीरला आमच्या भिंतीला भिंत लागून त्यांचं घर. पाटबंधारे खात्यातून निवृत्त. नोकरीत असताना कधीतरी गोव्याला गेले आणि विंडसर्फिंगचा नाद लावून घेऊन आले. म्हणजे पाण्यात फळी टाकायची, फळीवर उभं राहायचं, हातात शीड धरायचं आणि वारं नेईल तिकडं जायचं. येताना एका गोऱ्याकडून जुनं शीडही आणलं. धरणावर नेमणूक होती तोवर ठीक होतं. साहेब पाण्यावर, शकूवहिनी बांधावर शेंगा सोलत.

मग दुष्काळ पडला, धरणाचा तळ भेगाळला आणि साहेब गच्चीवर आले. जुन्या गादीवर फळी, बांबूला बांधलेलं शीड, आणि भर उन्हात मागं रेललेले कांबळेसाहेब. गल्ली त्या शिडाला ‘साहेबाचं पाल’ म्हणायची. खाली टँकरपुढं आमच्या घागरींची मारामारी चाललेली असायची आणि वरून आवाज यायचा, “गुरुजी, वारं लई हाय! पाणी तेवढं न्हाई!”

एकदा खरंच लई होतं. साहेब शिडासकट आमच्या गच्चीवर, वाळत घातलेल्या पापडांत आले. बायकोनं आठ दिवस त्यांचं नाव काढू दिलं नाही.

त्या दिवसांत उदगीर जिल्हा होणार अशी आवई नेहमीचीच. चहाच्या टपरीवर लोक कलेक्टर ऑफिसची जागा ठरवायचे, साहेब धरणावर विंडसर्फिंग क्लबची. “जिल्हा होऊ द्या, मग बघा,” म्हणायचे. “आधी पाणी होऊ द्या,” टपरीवाला म्हणायचा.

उन्हाळ्यात त्यांनी एकाएकी गोव्याची तीन तिकिटं काढली. तिसरं माझं, सामान उचलायला. शीड विमानातून न्यायचं होतं. रोज विमान कंपनीला फोन. “बाई, खेळाचं सामान हाय. न्हाई, क्रिकेट न्हाई. वाऱ्याचं. न्हाई ओ, पतंग न्हाई!”

मी म्हटलं, “साहेब, तिथं सगळं भाड्यानं मिळतंय म्हणता. मग हे लचांड कशाला?”

“फळी भाड्याची चालंल. काठी चालंल. सेल आपलंच पायजे.” शिडाला ते सेल म्हणायचे. मग आवाज उतरवून म्हणाले, “शकूच्या डोळ्यात काचबिंदू हाय, गुरुजी. डॉक्टर म्हणला, काय दाखवायचं ते आत्ताच दाखवा. एकदा पाण्यावर दिसायचं हाय मला तिला.”

दोघं डोळे तपासायला हैदराबादला लेकीकडं पुढं गेले. किल्ली माझ्याकडं. निघायच्या आदल्या दिवशी साहेबांचा फोन आला. मागं एकदा त्यांनी ‘सेल आणा’ म्हटल्यावर मी बॅटरीचे सेल नेऊन दिले होते, म्हणून या खेपेला बिचाऱ्यांनी शुद्ध मराठी काढलं. “गुरुजी, गच्चीवरचं शीड घेऊन या.” फोन खरखरला. मला ऐकू आलं, शिडी. गच्चीवर टाकीला लावलेली शिडी होतीच. समुद्रात फळीवर चढायला लागत असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. शेजारी गुंडाळून ठेवलेलं पाल मला दिसलं. त्यावर धूळ बसू नये म्हणून मी चादरसुद्धा टाकली.

विमानतळाच्या दारात टॅक्सीवाल्यानं टपावरून शिडी उतरवली आणि म्हणाला, “चच्चा, जहाज में चढने कू सीढी उनके पास रहती.”

साहेब शिडीकडं बघत राहिले. मला वाटलं, आता शिव्या. पण ते वहिनींना ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाले, “त्या शिडाला तिच्या साडीचं ठिगळ हाय, गुरुजी. जर्द नारंगी. तिनंच शिवलं हुतं. तेवढा रंग अजून वळखू येतो तिला.” सोडायला आलेला जावई शिडी घेऊन घरी गेला. आम्ही विमानात बसलो. मी खिडकीबाहेर बघत होतो, कारण आत बघायला तोंड नव्हतं.

गोव्यात भाड्याची शिडं मिळाली. सगळी पांढरी.

साहेब पाण्यात गेले. बरीच शिडं होती. वहिनी वाळूत छत्री धरून बसल्या, मी शेजारी. पापक्षालन म्हणून मी धावतं वर्णन सुरू केलं. “वहिनी, ते बघा, उजवीकडचं! काय सरळ चाललेत साहेब! अजिबात हलेनात!”

वहिनी डोळे बारीक करून भलतीकडंच बघत होत्या. तिथं एक शीड उभं राहायचं, डगमगायचं, पडायचं. परत उभं राहायचं. वहिनींनी पदर वर करून हलवला. थोड्या वेळानं पुन्हा.

त्यांना कशाला सांगा की तुम्ही भलत्यालाच पदर दाखवताय.

मग साहेब निथळत आले आणि त्यांच्या पुढ्यात उकिडवे बसले. “दिसलो का?”

“दिसलात की.”

“वळखलं कशावरनं? ठिगळ न्हाई, काय न्हाई.”

“पडल्यावर आधी टोपी चाचपता. धरणावर बी तेच.” वहिनींनी पदरानं त्यांचं तोंड पुसलं. साहेब लहान पोरासारखे डोळे मिटून बसले आणि बराच वेळ त्यांनी ते उघडलेच नाहीत.

उजवीकडचं ते सरळ चाललेलं शीड तेवढ्यात काठाला लागलं. त्यावरून एक उंच गोरी बाई उतरली.

वहिनी माझ्याकडं वळल्या. “भावजी, परत जाताना हैदराबादला उतरायचंच हाय. तुमचे डोळे दाखवून घेऊ.”