भुकटीने फरक पडत नाही

मानवजातीच्या ज्ञानात भर घालायची तर दोन गोष्टी कराव्या लागतात. एक, काहीतरी शोधून काढणं. आणि दुसरी, त्यावर शोधनिबंध छापून आणणं. यांपैकी पहिली ऐच्छिक आहे.

एका संशोधन केंद्रातल्या कंत्राटी संशोधिकेला हे ठाऊक नव्हतं. तिने आधी शोधून काढलं. बाजारात कुंडीतल्या रोपांसाठी एक हिरवी भुकटी मिळते. पाकिटावर हसरा टोमॅटो असतो (तो का हसतो, याचा खुलासा पाकिटावर नाही). संशोधिकेने दोन वर्षं केंद्राच्या गच्चीवरच्या काचघरात निम्म्या कुंड्यांना भुकटी घातली आणि निम्म्यांना नुसतं पाणी. सगळी रोपं सारखीच वाढली.

"मग काय निघालं शेवटी?" सासूबाईंनी भाजी निवडता निवडता विचारलं. गॅलरीतल्या कुंड्यांना त्या तीच भुकटी घालत.

"काही फरक पडत नाही, आई."

"एवढ्यासाठी दोन वर्षं? मला विचारायचंस. पडतो म्हणून तेव्हाच सांगितलं असतं."

केंद्राचा नियम माणुसकीचा होता. वर्षअखेरीपर्यंत ज्यांचा निबंध स्वीकारला जाईल त्यांना कायम करावं, आणि उरलेल्यांना पुढील वाटचालीसाठी शुभेच्छा द्याव्यात. संशोधिकेला ती नोकरी मनापासून हवी होती. ते काचघर तिला घरापेक्षा जवळचं वाटे (हे घरी सांगितलेलं नाही).

म्हणून तिने निबंधलेखनाच्या कार्यशाळेत नाव घातलं. कार्यशाळा विभागप्रमुख सरच घेत. सरांच्या नावावर दोनशे निबंध होते, आणि त्यांतले काही त्यांनी वाचलेही होते. निबंध कोणासाठी लिहायचा, हे त्यांनी पहिल्याच दिवशी एका पाहणीच्या आधारे स्पष्ट केलं. निबंध हाती घेणाऱ्यांपैकी बेचाळीस टक्के लोक फक्त शीर्षक वाचतात, एकतीस टक्के सारांशापर्यंत टिकतात, एकोणीस टक्के संदर्भयादीत आपलं नाव आहे का तेवढं पाहतात, आणि उरलेले सतरा टक्के संपूर्ण निबंध वाचतात. या सतरा टक्क्यांपासून सावध राहायचं, असं सर म्हणाले. सगळ्यांनी ते लिहून घेतलं.

संशोधिकेने दीड पानाचा मसुदा नेला. शेवटचं वाक्य होतं : भुकटीने फरक पडत नाही.

सरांनी कपाळाला हात लावला. "अगं, हे तर समजतंय!"

"हो सर."

"कुणालाही समजतंय. मग आपण इथे कशाला बसलोय?"

मग त्या वाक्यावर संस्कार सुरू झाले. पहिल्या खेपेला ते 'भुकटीचा परिणाम लक्षणीय असल्याचे प्रस्तुत मर्यादांत आढळून आले नाही' असं झालं. दुसऱ्या खेपेला 'भुकटीच्या परिणामाचे स्वरूप गुंतागुंतीचे आहे' असं झालं. तिसऱ्या खेपेला शब्दमर्यादा आडवी आली आणि 'अधिक संशोधनाची नितांत गरज आहे' एवढंच उरलं. लेखक मात्र वाढले. आधी सर, मग सरांचे सर, मग तापमापक उसना देणारे शेजारच्या विभागाचे प्रमुख, मग तो परत मागणारे त्यांचे सहायक, आणि सर्वांत शेवटी संशोधिका.

शास्त्रीय नियतकालिकं निःपक्षपाती असतात. संपादक निबंधावरची नावं खोडतात आणि तो त्या विषयातल्या तज्ज्ञाकडे तपासायला पाठवतात. त्या भुकटीवर साऱ्या जगात एकाच व्यक्तीने काम केलेलं होतं. संपादकांनी तिला शोधून काढलं आणि निबंध तिच्याकडे धाडला.

संशोधिकेने तो दोन पानं वाचला आणि कोणाचा असावा बरं, असा विचार केला. चौथ्या पानावर कुंडीच्या फोटोत कोपऱ्यात एक चप्पल दिसली. ती तिच्याच पायात होती.

संपादकांना कळवणं भाग होतं. पण कळवलं की निबंध पुन्हा रांगेत, आणि तोवर वर्ष संपणार. तिने मूग गिळले. तरी त्या कुंड्या काही डोळ्यांसमोरून हलेनात. अखेर तिने अभिप्राय लिहिला : निबंध उत्तम आहे. फक्त भुकटीने फरक पडतो की नाही, ते कृपया एका वाक्यात सांगावे.

अभिप्राय सरांकडे आला तेव्हा त्यांचा पारा चढला. "कोण हा दीडशहाणा? याला विषयातलं ओ की ठो कळत नाही!" मग ते संशोधिकेकडे वळले. "उत्तर तू लिही. आधी भरपूर आभार मान. मग लिही, की सदर मुद्दा या निबंधाच्या कक्षेबाहेर आहे."

"पण सर, निबंध त्यावरच आहे ना?"

"तुला कायम व्हायचंय ना?"

तिने उत्तर लिहिलं आणि सरांनी ते पाठवलं. आठवडाभरात ते तपासायला तिच्याकडेच आलं. ती ते घेऊन काचघरात जाऊन बसली. उत्तर किती लंगडं आहे, हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. सोबतच्या कागदावर दोन चौकोन होते, 'समाधान झाले' आणि 'समाधान झाले नाही'. तिला रडू आलं, पण त्यासाठी चौकोन नव्हता. तिने पहिल्यावर खूण केली.

निबंध छापून आला. संशोधिका कायम झाली, सरांचे दोनशे एक झाले. त्या संध्याकाळी सासूबाईंनी कौतुकाने भुकटीची दोन पाकिटं आणली.

"आता तर छापूनच आलंय."

"आई, भुकटीने फायदा होतो असं नाही लिहिलंय त्यात."

"मग होत नाही असं लिहिलंय?"

सुनेने कात्री घेतली आणि पाकीट फोडून दिलं.

असले निबंध नीट तपासल्याशिवाय पुढे जातातच कसे, असा संताप वाचकांना आला असेल. तो रास्तच आहे. वर सरांनी सांगितलेल्या टक्क्यांची बेरीज एकशे नऊ होते. आपण तिथे समाधान झाल्याची खूण करूनच इथवर आलात, त्याबद्दल भरपूर आभार.