लग्न खाली, कार्यक्रम वर

रत्नागिरीच्या एसटी स्टँडवर महेंद्रराव मोहिते वाहतूक नियंत्रक होते. आयुष्यभर त्यांनी इतक्या माणसांना योग्य गाडीत बसवलं होतं, की निम्मा जिल्हा आज आपापल्या घरी सुखाने नांदतो आहे तो आपल्यामुळेच, अशी त्यांची समजूत होती. ते निवृत्त झाले, पण आवाज निवृत्त झाला नव्हता. घरात चहा मागायचा तरी असा मागत, की शेजारीण पिशवी उचलून उभी राही.

त्यांच्या पत्नी करुणाताई एका संस्थेचं काम बघत. गंभीर आजारी मुलांना उपचारासाठी मुंबई गाठावी लागते. तिथे राहायचं कुठे, औषधं कशी आणायची, याची जुळवाजुळव ही संस्था करायची. वर्षातून एकदा हॉल घेऊन कार्यक्रम व्हायचा. आजारातून उठलेली, डॉक्टरांनी हिंडायफिरायला परवानगी दिलेली मुलं एक छोटं नाटक करायची, लोक यथाशक्ती मदत द्यायचे. अडचण एकच होती. लोक यायचेच नाहीत. मागच्या वर्षी प्रेक्षकांपेक्षा खुर्च्या लावणारे जास्त होते.

"यंदा गेट माझ्याकडे दे," महेंद्ररावांनी जाहीर केलं. "अगं, चिपळूणच्या माणसाला मी कधी चुकून राजापूरच्या गाडीत बसू दिलं नाही."

"माझ्या आईला दिलंत," करुणाताई म्हणाल्या.

"त्या ऐकत नव्हत्या."

गेट त्यांच्याकडे आलं. हॉल दोन मजली होता. वरचा मजला संस्थेने घेतला होता आणि खाली त्याच दिवशी एक दावत होती. हाशिमभाईंच्या मुलाचा, तहाचा, निकाह दोन दिवसांपूर्वी दाभोळला झाला होता. नवरी तस्नीम तिथलीच, मच्छीचे मोठे व्यापारी कमालभाई यांची मुलगी. आता मुलाकडची मेजवानी रत्नागिरीत होती आणि दाभोळहून गाड्या भरभरून पाहुणे येणार होते.

पण कार्यक्रमाच्या सकाळीच हॉलची लिफ्ट बंद पडली. नाटकातल्या दोन मुलांना जिने चढायला मनाई होती. करुणाताईंनी बिचकतच हाशिमभाईंना फोन लावला. ते म्हणाले, "ताई, पोरांना कशाला दमवता? तुम्ही खाली या, आम्ही वर जातो. आमच्या पाहुण्यांना चढल्यावर भूक तरी लागेल."

करुणाताईंनी ही अदलाबदल लगेच नवऱ्याला सांगितली. महेंद्रराव तेव्हा आरशासमोर उभे राहून जुन्या शिट्टीची दोरी गळ्यात अडकवत होते. ते "हं" म्हणाले. करुणाताई घाईत होत्या, नाहीतर नवऱ्याच्या त्या "हं"चा अर्थ त्यांना चांगला ठाऊक होता.

अकरा वाजता महेंद्रराव हॉलच्या फाटकात उभे राहिले आणि त्यांचं काम सुरू झालं.

"लग्नाला? लग्न खाली, सरळ आत चला. मुलांच्या मदतीचा कार्यक्रम? वर. डावीकडून जिना. बाई, मध्ये थांबू नका, मागून माणसं येतायत."

दाभोळच्या गाड्या आल्या. जरीच्या ओढण्या, अत्तराचे घमघमाट, कडेवरची पोरं, चकचकीत कागदात बांधलेले आहेर. सगळं महेंद्ररावांनी शिट्टी फुंकून खाली रवाना केलं. एक म्हातारबाबा म्हणाले, "मला तर फोनवर 'वर या' सांगितलंन." महेंद्ररावांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "बाबा, मी इथे उभा कशाला आहे?" म्हातारबाबा निमूट खाली गेले. संस्थेचे पाहुणे म्हणजे निवृत्त शिक्षक, बँकेतले साहेब, दोनचार डॉक्टर. ते गुडघे चोळत वर गेले.

आता तुम्ही म्हणाल, खाली गेलेल्यांना कळलं कसं नाही? तर यंदाच्या नाटकात मुलं बाहुला-बाहुलीचं लग्न लावणार होती. स्टेजवर झेंडूच्या माळा होत्या आणि मागे मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'लग्नाला यायचं हं!' पाहुणे निर्धास्तपणे बसले. दाराशी टेबल टाकून बसलेल्या स्वयंसेविकेच्या हातात आहेर देत म्हणाले, "मुलांना आमच्याकडून." तिने आहेर ठेवायला शेजारी दुसरं टेबल ओढलं. मागच्या वर्षी तिच्या टेबलावर एक खोडरबर आणि अर्धा डझन वह्या आल्या होत्या. यंदा चहाचे सेट, चादरी, इस्त्री, एक अख्खा मिक्सर! आजारी मुलांना मिक्सर कशाला, हा प्रश्न तिला पडला, पण देणाऱ्याचं मन मोडू नये म्हणून तिने तो ठेवून घेतला.

पडद्यामागे करुणाताई मुलांना सजवत होत्या. त्यांनी फटीतून बाहेर पाहिलं तर हॉल गच्च. नाटकात नवरदेवाच्या आईचं काम करणारी आयात नावाची मुलगी त्यांना बिलगून उभी होती. नऊ वर्षांची पोर मुंबईच्या उपचारांतून नुकती उठली होती आणि डोक्यावर नवे केस भाताच्या तरव्यासारखे ताठ उगवले होते.

"ताई, एवढी माणसं माझ्यासाठी आली?" तिने विचारलं.

"तुझ्यासाठीच," करुणाताई म्हणाल्या आणि मनातल्या मनात त्यांनी नवऱ्याला आजवरचे सगळे अपराध माफ केले.

इकडे फाटकात प्रमुख पाहुण्यांची गाडी आली. जानूशेठ आंब्याचे मोठे बागायतदार. दानाला सढळ, कानाला जड. मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढच्या आठवड्यावर आलेलं. महेंद्ररावांनी त्यांना जिन्याच्या पायरीशी नेलं आणि कानाजवळ तोंड नेऊन स्टँडवरच्या आवाजात समजावलं, "शेठ, स्टेजवर नाटकातली नवरा-नवरी बसलेली दिसतील. तेच आपले पेशंट. नवरदेव रक्ताच्या दुखण्याने मुंबईला हॉस्पिटलात होता. आशीर्वाद द्या आणि चार शब्द बोला."

"नवरा-नवरी म्हणजे पेशंट," जानूशेठ म्हणाले. "समजलं." आणि काठी टेकत वर गेले.

वर तहा आणि तस्नीम मखमली सोफ्यावर बसले होते. दोन्ही घरची जवळची माणसं सकाळीच वर पोचली होती, आणि संस्थेच्या पाहुण्यांना तो थाट बघून हे यंदाच्या नाटकातलंच लग्न वाटलं होतं. हाशिमभाईंना वाटलं, हे काठीवाले बुजुर्ग मुलीकडचे असणार. कमालभाईंना वाटलं, मुलाकडचे. दोघांनीही अदबीने त्यांना स्टेजवर चढवलं. कोणीतरी हातात माईकही दिला.

"मंडळी," जानूशेठ म्हणाले, "या दोन लेकरांकडे बघा. वरून कशी छान दिसतायत. पण त्यांच्यावर काय प्रसंग गुदरलाय, तो त्यांचा त्यांना माहीत."

पुरुषांच्या बाजूने मोठा हशा पिकला.

"हसू नका. ही पाळी कोणावरही येते. मी तर म्हणतो, यातून बाहेर पडणारे फार थोडे."

आता बायकाही हसायला लागल्या. काय मिश्कील म्हातारा आहे, असं जो तो शेजारच्याला सांगू लागला. जानूशेठना हशा ऐकू येत नव्हता. ते मनापासून बोलत राहिले.

"हा नवरा मुलगा कित्येक महिने मुंबईच्या हॉस्पिटलात होता. रक्ताचं दुखणं. आईबापांनी कोणाला सांगितलं नाही, एकट्यांनीच सोसलं. पण आता लपवायचं कशाला? उलट आपण सगळ्यांनी हातभार लावायला हवा."

हशा थांबला. बिर्याणीची मोठी पातेली सरकवणारे आचारीसुद्धा थबकले. कमालभाई खुर्चीवरून सावकाश उठले.

"हाशिमभाई," ते म्हणाले, "तुमचा पोरगा मुंबईत नोकरीला होता ना?"

"नोकरीलाच होता. कंपनीत."

"मग हे काय ऐकतोय मी?"

हाशिमभाईंना वाटलं, म्हातारा मुलीकडचाच, म्हणजे मुलीकडच्यांनी चौकशी करूनच आणला असेल. आपलंच पोर आपल्यापासून काही लपवत तर नसेल? ते तहाकडे बघायला लागले. तहा घामाने डबडबला होता आणि त्यामुळे खरोखरच आजारी दिसत होता.

तेवढ्यात संस्थेच्या एक निवृत्त बाई डोळे पुसत स्टेजवर आल्या. त्यांनी तस्नीमच्या मुठीत एक पाकीट कोंबलं आणि तिच्या गालावरून हात फिरवला. "धीर सोडू नको हो, पोरी. माझी पुतणी यातून पूर्ण बरी झाली."

तस्नीमने नवऱ्याकडे वळून हळूच विचारलं, "तुम्हाला काय झालंय? मला खरं सांगा."

"मला माहीत नाही गं," तहा रडवेला होऊन म्हणाला.

खाली फाटकात महेंद्रराव समाधानाने उभे होते. संस्थेचे एक पाहुणे दात कोरत जिना उतरले. "मोहिते, यंदा कमाल केलीत. बिर्याणी अप्रतिम."

महेंद्रराव हसले, आणि मग हसू चेहऱ्यावरच राहून गेलं. संस्थेने फक्त चहा आणि बटाटेवडा सांगितला होता. त्यांनी खालच्या हॉलच्या दारातून डोकावलं. दाभोळचे दीडदोनशे पाहुणे, जरीकाम, अत्तर, आणि स्टेजवर जाड मिशा लावलेला एक सात वर्षांचा नवरदेव. सकाळचं करुणाताईंचं सगळं बोलणं त्यांना एका दमात ऐकू आलं.

ते जिना कसे चढले, त्यांनाही आठवत नाही. वर कमालभाई आणि हाशिमभाई समोरासमोर उभे होते, मागे दोन्हीकडचे चुलते-मामे बाह्या सरसावत होते. महेंद्ररावांना पळून जावंसं वाटलं. पण सोफ्यावरच्या त्या दोन घाबरलेल्या पोरांकडे त्यांची नजर गेली आणि त्यांनी जानूशेठच्या हातातून माईक घेतला.  तोंडातून जे निघालं ते जुन्या सवयीनेच निघालं.

"इकडे लक्ष द्या. दावतीचे पाहुणे चुकून खाली बसले आहेत. मुलांच्या कार्यक्रमाचे पाहुणे चुकून वर बसले आहेत. तहा ठणठणीत आहे. त्याला काहीही झालेलं नाही. आजारी होता तो खालचा नवरदेव, आणि तोही आता बरा आहे. चूक कंट्रोलरची आहे. कंट्रोलर इथे उभा आहे. काय मारायचं ते मारा."

 मग कमालभाईंनी विचारलं, "खालचा नवरदेव म्हणजे?"

"सात वर्षांचा आहे. मिशा लावल्यात."

कमालभाईंचं पोट आधी हललं, मग खांदे, मग ते खुर्ची धरून हसायला लागले. हाशिमभाईंनी त्यांना मिठी मारली. तहाने मोठा श्वास सोडला. तस्नीमने हातातलं पाकीट नीट ओढणीत बांधलं आणि म्हणाली, "हे त्या नवरदेवाचं आहे. चला, देऊन येऊ."

दाभोळकरांना वर बोलवायला म्हणून सगळे खाली उतरले, पण दाभोळकर उठायला तयार नव्हते. बाहुलीचा बाप हुंड्यात बैलगाडी द्यायची की होडी, यावर अडून बसला होता आणि पाहुण्यांत दोन तट पडले होते. महेंद्ररावांनी शिट्टी तोंडाला लावली. आयात स्टेजवरून कमरेवर हात ठेवून म्हणाली, "काका, मध्येच कोणाला उठवायचं नाही. आम्ही खूप दिवस पाठ केलंय."

महेंद्ररावांनी शिट्टी दोरीतून सोडवून खिशात टाकली. खरे नवरा-नवरी पहिल्या रांगेत जमिनीवर बसले, संस्थेचे पाहुणे भिंतीला टेकून उभे राहिले आणि हाशिमभाईंनी आचाऱ्यांना पातेली खाली उतरवायला सांगितली. मुलं जेवली, पाहुणे परत जेवले. मिक्सर तेवढा तस्नीमने मागून घेतला. बाकी चादरी आणि चहाचे सेट आजारी मुलांबरोबर मुंबईला उतरणाऱ्या आयांच्या खोलीसाठी राहू दे म्हणाली.

 करुणाताईंनी फक्त नवऱ्याच्या गळ्यातली शिट्टीची रिकामी दोरी काढून घेतली.

संध्याकाळी महेंद्रराव जानूशेठना गाडीपर्यंत सोडायला गेले. शेठ अत्यंत खूश होते. एवढ्या गोंधळातलं त्यांच्या कानावर काहीच पडलं नव्हतं.

"महेंद्रा, काम उत्तम चाललंय तुमचं," ते गाडीत बसता बसता म्हणाले. "पण ती वरची शालूतली मुलगी, ती मला आता पूर्ण बरी वाटली. तिला किती दिवस नाटकात नाचवणार? वयात आलेली पोर. गुहागरला माझा एक भाचा आहे, मुलगा निर्व्यसनी आहे. तिच्या वडिलांच्या कानावर घालशील का?"

महेंद्ररावांनी वळून पाहिलं. कमालभाई दारातच उभे होते आणि अजूनही मधूनमधून हसत होते.

"शेठ," महेंद्रराव गाडीचं दार हळूच लावत म्हणाले, "मी आता कोणालाच काही सांगत नाही."