साखरेचा कणही नाही

सुबोधने वाइनचा एक घोट घेतला आणि कैरी चावल्यासारखं तोंड केलं.

"विनीता, मेलो! वाइन आंबली. सकाळभर खिडकीत उन्हात राहिली ना!"

ही बाटली काल ऑफिसातल्या क्रामर साहेबांनी दिली होती. जर्मनीतल्या त्यांच्या घरच्या मळ्यातली, धाकट्या भावाने नव्या पद्धतीने केलेली. देताना म्हणाले होते, "उघडून थंड करून ठेव. उद्या वडिलांना घेऊन येतो. त्यांना नवं काही पटत नाही. तू निवाडा कर." आणि परदेशातली ही नोकरी टिकवणाऱ्या परवान्याचा, सुबोधच्या एम्प्लॉयमेंट पासचा अर्ज त्याच साहेबांच्या टेबलावर सहीवाचून पडला होता!

"आंबट तर आंबट. पन्ह्याला काय करतो आपण?" विनीताने साखरेचा डबा काढला. पातेल्यात चार चमचे साखर विरघळली आणि वाइन नरसाळ्यातून परत बाटलीत गेली.

"मम्मी, लाइक दॅट कॅनॉट लाह!" असं नाही चालत, म्हणून आठ वर्षांची जाई इथल्या शाळेतल्या इंग्रजीत ओरडली.

"तू गप्प बस गं!"

संध्याकाळी सातच्या ठोक्याला दोघे क्रामर सुबोधच्या क्लेमेंटी भागातल्या फ्लॅटवर हजर. पेले भरता भरता साहेबांनी व्याख्यानच सुरू केलं. "गोड वाइनचा जमाना गेला, सुबोध. हिच्यात साखरेचा कणही नाही!"

सुबोधच्या घशात बटाटेवडा अडकला.

साहेबांनी घोट घेतला. भुवया वर गेल्या त्या तिथेच राहिल्या. थोरल्या क्रामरांनी मात्र डोळे मिटले. "ही! ही माझ्या तळघरातली चव! पोरगा सुधारला म्हणायचा."

"पण हे..." साहेब बाटलीवरचं लेबल पुन्हा पुन्हा वाचू लागले.

"सर, थोडा वेळ खिडकीत राहिली होती," सुबोध कसाबसा म्हणाला.

म्हातारबाबा पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले. ओट्यावर चिकट नरसाळं, शेजारी उघडा डबा. त्यांनी मागोमाग आलेल्या विनीताकडे पाहिलं.

"किती चमचे?"

"चार," तिच्या तोंडून निघून गेलं.

म्हातारबाबांनी डब्याचं झाकण घट्ट लावलं आणि बाहेर येऊन गंभीरपणे जाहीर केलं, "खिडकीचाच गुण आहे. इथली हवा वाइनला मानवते."

सोमवारी साहेबांनी अर्जावर सही केली आणि बारा बाटल्यांचं खोकं पुढे सरकवलं. "बाबा आता दुसरी पीतच नाहीत. एवढ्या तुझ्या खिडकीत ठेव. भावालाही फोन केलाय. तो तुमच्या हवामानाची माहिती मागवतोय."

घरी विनीताने खोकं पाहिलं आणि सुबोधच्या हातात पिशवी दिली.

"सेरंगून रोडला वाण्याकडे जाऊन या. साखर संपलीय."